पहिलीच्या वर्गातली नावं

जूनच्या मध्यावर राज्यातल्या शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव होतो. फुगे, गुलाबाचं फूल, गोड खाऊ आणि नवी पुस्तकं मिळतात. खरा वर्ग सुरू होतो तो दुसऱ्या दिवसापासून. तिथे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलासमोर दोन अनोळखी गोष्टी एकदमच येतात: शेजारी बसलेली मुलं आणि फळ्यावरची अक्षरं. यातली ओळखीची बाब आपण मधल्या सुट्टीवर सोपवतो. खेळता खेळता होईल ओळख, असं धरून चालतो. अक्षरांसाठी मात्र तासिका असते, पुस्तक असतं, गृहपाठ असतो. मला वाटतं, ही वाटणीच चुकीची आहे. दोन्ही कामं एकाच साहित्यातून होतात. हे साहित्य प्रत्येक वर्गात तयार असतं आणि त्याला खर्च शून्य येतो. वर्गातल्या मुलांची नावं हेच ते साहित्य.

नाव हा मुलाच्या आयुष्यातला असा शब्द आहे, की ज्याचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागत नाही. घरी वारली बोलणारं, पावरी बोलणारं, कोरकू किंवा गोरमाटी बोलणारं मूल मराठी शाळेत येतं तेव्हा पाठ्यपुस्तकातले कितीतरी शब्द त्याला परके असतात. ‘गडू’ म्हणजे काय, हे चित्र दाखवूनही पोहोचेलच असं नाही. स्वतःचं नाव मात्र ते घेऊनच आलेलं असतं. शेजारच्याचं नाव काय, हे जाणून घ्यायची ओढही त्याला असते, कारण डबा त्याच्यासोबतच वाटून खायचा आहे आणि पकडापकडी त्याच्याशीच खेळायची आहे.

आता हजेरीकडे बघू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरवावी लागते. म्हणजे वर्गातलं प्रत्येक नाव वर्षातून दोनशे वेळा मोठ्यानं उच्चारलं जातं. पाठ्यपुस्तकातल्या फार थोड्या शब्दांच्या वाट्याला इतकी उजळणी येते. पण हजेरीपटाचं तोंड बाईंकडे असतं. लिहिलेलं नाव फक्त त्यांना दिसतं. मुलं आपलं नाव येईपर्यंत वाट बघतात, ‘हजर’ म्हणतात आणि मोकळी होतात. आधीची आणि नंतरची नावं कानावरून जातात. काही शाळांत तर नुसते नंबर पुकारले जातात. पाच मिनिटांत काम उरकतं हे खरं, पण वाचनाची रोजची पाच मिनिटंही त्यात वाया जातात.

तीच हजेरी मुलांच्या हातात दिली तर काय होतं? जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या. वाण्याकडच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा चांगला चालतो. प्रत्येक पट्टीवर एकेक नाव ठळक, सुटसुटीत अक्षरांत लिहायचं. दाराशी दोन दोऱ्या बांधायच्या किंवा फळ्याशेजारी दोन कप्पे करायचे: एक ‘घरी’, एक ‘शाळेत’. सकाळी आलेलं मूल ‘घरी’तली आपली पट्टी शोधतं आणि ‘शाळेत’ अडकवतं. पहिल्या आठवड्यात गोंधळ होतो, दुसऱ्याचीच पट्टी उचलली जाते, आणि मग मालक येऊन सांगतो, ‘ही माझी आहे.’ कोणाची पट्टी कुठली, यावर दोन मुलं वाकून अक्षरं ताडून पाहतात तेव्हा चाललेलं असतं ते वाचनच.

याहून मोलाचा भाग नंतर येतो. सगळी बसली, की बाईंनी ‘घरी’च्या कप्प्यात उरलेल्या पट्ट्या वर धरायच्या. ‘आज कोण आलेलं नाही?’ ही पट्टी कोणाची, हे इतर मुलांनी वाचून सांगायचं. इथे वाचायला खरं कारण असतं. तो का आला नाही, ताप आलाय का, त्याच्या वाडीवरून येताना ओढा लागतो तो भरलाय का, याची चौकशी मुलंच करतात. न आलेल्या मुलाची आठवण वर्गानं काढणं आणि त्याचं नाव वर्गानं वाचणं इथे एकाच वेळी घडतं. दुसऱ्या दिवशी ते मूल आल्यावर कोणीतरी त्याला सांगतंच, ‘काल तुझी पट्टी राहिली होती.’

पट्टी करताना काही गोष्टींचा विचार करावा लागतो. सगळ्या पट्ट्या एकाच रंगाच्या असाव्यात. मुलींना गुलाबी, मुलांना निळ्या असं केलं, की मुलं रंग बघून निम्मं काम उरकतात आणि नको ते शिकतात. नावाशेजारी फूल-पोपट-गाडी अशी चित्रंही नकोत, कारण मूल मग पोपट ओळखतं, अक्षर नाही. फोटो हवाच असेल तर मागच्या बाजूला चिकटवावा, म्हणजे पट्टी उलटून खात्री करता येते. अक्षरांची रुंदी साधारण सारखी ठेवावी, म्हणजे लांब नावाची पट्टी खरोखरच लांब होते. याचं महत्त्व एका अभ्यासावरून कळतं. एमिलिया फरेरो या अर्जेंटिनात जन्मलेल्या आणि पुढे मेक्सिकोत काम केलेल्या संशोधिका. त्या मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या विद्यार्थिनी. आना तेबेरोस्की यांच्यासोबत लिहिलेल्या १९७९ सालच्या पुस्तकात त्यांनी दाखवलं, की लिहायला न शिकलेल्या मुलांचेही लिखाणाबद्दल स्वतःचे काही सिद्धांत असतात. त्यातला एक असा: मोठ्या वस्तूचं नाव मोठं लिहायचं असतं आणि छोट्या वस्तूचं छोटं. अस्वलाला जास्त अक्षरं लागणार, मुंगीला कमी. ही समजूत मोठ्यांनी ‘असं नसतं’ म्हणून मोडत नाही. पण वर्गातला सगळ्यात उंच मुलगा जय असेल आणि सगळ्यात लहानखुरी मुलगी ज्ञानेश्वरी असेल, तर दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या, की मूल स्वतःच थबकतं. पट्टीची लांबी माणसाच्या उंचीवर नाही, त्याच्या नावाच्या उच्चारावर ठरते, हा वाचनातला फार मोठा शोध आहे. लिपी आवाज लिहिते, वस्तू लिहीत नाही, हेच त्यातून मुलाला कळतं.

फरेरो यांच्या मते मुलाला भेटणारं पहिलं स्थिर लिखाण म्हणजे त्याचं नाव. आज ते जसं लिहिलं तसंच उद्याही लिहिलं जातं. अमेरिकेत रिबेका ट्रायमन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत बालवयातल्या मुलांना आपल्या नावाचं पहिलं अक्षर इतर अक्षरांपेक्षा चांगलं येत असल्याचं दिसलं. हिब्रू शिकणाऱ्या मुलांतही तसंच आढळलं. अमेरिकेतल्या अभ्यासात एक मेख होती. मुलांना अक्षराचं नाव येई, पण त्या अक्षराचा आवाज काय हे मात्र तितकं येत नसे. इंग्रजीत ‘डब्ल्यू’ या अक्षराच्या नावात ‘व’ कुठेच नाही, त्यामुळे हे साहजिक आहे. मराठीत ही दरी जवळपास नाही. ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो. कबीरला आपल्या नावाचं पहिलं अक्षर ओळखता आलं, की त्याच्या हाती आवाजही आलेला असतो. आपल्या लिपीनं दिलेली ही सवलत आपण वापरायला हवी.

मात्र लिपी जे एका हातानं देते त्याची वसुली दुसऱ्या हातानं करते. इंग्रजीची २६ अक्षरं मोठी-छोटी धरून बावन्न होतात. आपल्याकडे व्यंजनं, त्यांवर काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, आणि वर जोडाक्षरं. मुलाला ओळखाव्या लागणाऱ्या आकारांची संख्या काही शेकड्यांत जाते. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासांत दिसलं, की अक्षरांचा हा संच हाताशी यायला प्राथमिक शाळेतली तीन-चार वर्षं लागतात. कन्नडची लिपी वेगळी असली तरी घडण आपल्यासारखीच आहे. म्हणून जे आकार रोज, अर्थासकट, माणसासकट डोळ्यांसमोर येतात त्यांचं महत्त्व आपल्याकडे जास्त आहे.

नावांमधून हे आकार कसे भेटतात ते बघण्यासारखं आहे. ‘र’चंच घ्या. पाठ्यक्रमात त्याची सगळी रूपं यायला दुसरी उजाडते. पण वर्गात एक समीर, एक शर्वरी, एक प्रणव आणि एक श्रेया असली, की चारही पट्ट्या भिंतीवर लावून विचारता येतं: यात ‘र’ कुठे कुठे लपलाय? समीरचा ‘र’ उघड्यावर उभा आहे. शर्वरीचा एक ‘र’ ‘व’च्या डोक्यावर रफार होऊन बसलाय आणि दुसरा दीर्घ वेलांटी घेऊन शेवटी आलाय. प्रणवचा ‘र’ ‘प’च्या पोटाशी तिरकी रेघ झालाय. श्रेयाच्या नावात ‘श’चं रूपच त्यानं बदलून टाकलंय. मुलं हा शोध अतिशय आवडीनं घेतात, कारण ‘र’ सापडतो तो कोणाच्या तरी नावात, आणि ज्याच्या नावात सापडतो ते मूल फुलून येतं. कृष्णा नावाचा मुलगा असेल तर तोही आपला दावा सांगतो, आणि मग ‘ऋ’ची गोष्ट निघते.

वेलांटीचंही तसंच. ‘निधी’ या एका नावात ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही वेलांट्या आहेत. ‘नि’मधली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर, याचा मुलांना फार त्रास होतो; वाचताना ती वेलांटीपाशीच अडखळतात. निधीची पट्टी रोज नजरेखालून गेलेली असेल, तर ‘दिवा’, ‘किडा’ वाचताना बाईंना म्हणता येतं, ‘निधीतला नि आठव.’ वर्गातल्या मुलांनी एकमेकांच्या नावांचा असा आधार घेणं मला फार सुंदर वाटतं.

आणखी एक खाचखळगा शिक्षकांनी आधीच ओळखून ठेवावा. नावाचे तुकडे पाडून टाळ्या वाजवण्याचा खेळ सगळीकडे खेळला जातो, आणि तो चांगलाच आहे. आ-रो-ही, तीन टाळ्या आणि तीन अक्षरं. पण समीर? बोलताना आपण ‘स-मीर’ म्हणतो. टाळ्या दोन, अक्षरं तीन. रेहानचंही तेच. मराठीत शब्दाच्या शेवटच्या अक्षरातला ‘अ’ लिहिला जातो पण सहसा उच्चारला जात नाही, म्हणून हा फरक पडतो. अशा वेळी मुलाला ‘स-मी-र’ अशा तीन टाळ्या वाजवायला लावून त्याचा कान बिघडवू नये. त्याची टाळी बरोबर आहे. पट्टीवर मात्र ‘मी’ला टेकून एक ‘र’ उभा आहे, एवढं दाखवावं. आरोही, काव्या यांची पट्टी एका बाजूला, समीर, रेहान यांची दुसऱ्या बाजूला, असं वर्गीकरण मुलं हळूहळू स्वतःच करू लागतात.

जोडाक्षरांबाबत एक आक्षेप नेहमी येतो. पहिलीच्या पहिल्याच महिन्यात ‘प्रज्ञा’, ‘विश्वजीत’, ‘श्रद्धा’ असे शब्द मुलांसमोर कसे ठेवायचे? लिनिया एरी या अमेरिकी संशोधिकेनं वाचन शिकण्याचे टप्पे मांडले आहेत. त्यांत अगदी आरंभीच्या टप्प्यावर मूल शब्दाची फोड करत नाही. त्यातली एखादी ठळक खूण धरून तो ओळखतं. प्रज्ञाच्या पट्टीतला ‘ज्ञ’चा विचित्र आकार हीच मुलांची खूण होते. पुढे ‘प’ कळतो, मग त्याची तिरकी रेघ, मग ‘ज्ञा’चा काना. कठीण शब्द आधी ओळखून नंतर उलगडत गेला तर बिघडत काहीच नाही. ज्या मुलीचं नावच प्रज्ञा आहे तिला ‘तुझं नाव दुसरीत शिकवू’ असं सांगणं मात्र मला पटत नाही.

पण नावांवर सगळी भिस्त टाकता येणार नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. ‘ळ’ आणि ‘ण’नं नाव सुरू होत नाही. ‘ढ’, ‘ठ’ वर्गातल्या एकाही नावात नसण्याची शक्यता बरीच असते. शिवाय ओळखणं आणि उलगडून वाचणं यांत अंतर आहे. पट्ट्या ओळखणारं मूल अनोळखी शब्दापाशी तसंच अडू शकतं. म्हणून अक्षरांचं क्रमवार शिक्षण सोबत चालूच राहिलं पाहिजे. त्याचीही चांगली वाट आपल्याकडे आखलेली आहे. मूळच्या अमेरिकी असलेल्या आणि फलटणला आपलं मानलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी तिथल्या दलित वस्तीतल्या मुलांना शिकवता शिकवता मराठी वाचनाची मांडणी बदलली. सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द हा जुना क्रम सोडून थोडी अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं घ्यायची आणि लगेच त्यांतून अर्थाचे शब्द, वाक्यं वाचायला द्यायची, अशी ती पद्धत. अक्षरांचा असा एकेक गट शिकवून झाला, की त्या गटातली अक्षरं कोणाकोणाच्या पट्टीत आहेत हे शोधायचं. दोन्ही कामं मग एकमेकांना टेकू देतात.

पट्ट्या सरावाच्या झाल्या, की पुढचं काम वाक्यांचं. रोज एका मुलाला वर्गाचा ‘आजचा सोबती’ करावं. ते मूल समोर बसतं आणि बाकीची त्याला प्रश्न विचारतात. काय विचारायचं हे सुरुवातीला बाईंनीच सुचवावं, कारण इथे जपून चालावं लागतं. ‘बाबा काय करतात’, ‘वाढदिवसाला काय मिळालं’ असले प्रश्न कोणाला तरी टोचतात. ‘तुला काय छान जमतं’, ‘घरी कोणकोणती जनावरं आहेत’, ‘कशाची भीती वाटते’, ‘तुझी वेणी कोण घालतं’ यांची उत्तरं प्रत्येकाकडे असतात. मिळालेल्या उत्तरांतली तीन-चार वाक्यं बाई मुलांच्या डोळ्यांदेखत मोठ्या कागदावर लिहितात:

रेहानला बोरं आवडतात.
रेहानकडे दोन शेळ्या आहेत.
रेहानला शिट्टी वाजवता येते.

हे वाचन मुलांना पेलतं, यामागे भाषेचंही एक कारण आहे. मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं, की बहुतेक शब्दांचं रूप बदलतं: शाळा पण शाळेत, घोडा पण घोड्यावर, फूल पण फुलात. नुकतं वाचू लागलेल्या मुलाला ओळखीचा शब्दही त्यामुळे अनोळखी वाटतो. माणसांची नावं मात्र आजच्या बोलीत सहसा जशीच्या तशी राहतात. रेहानला, रेहानकडे, रेहाननं. पट्टीवरचा आकार तसाच आणि त्याला शेपटी जोडलेली. उद्या समिधा सोबती असली, की ‘समिधाला’, ‘समिधाकडे’. दहा-बारा दिवसांत ‘ला’ आणि ‘कडे’ मुलांना वेगळे दिसू लागतात. व्याकरणाचं नावही न घेता मुलं विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं ओळखायला लागलेली असतात.

महिनाभरात हे कागद एकत्र शिवले, की वर्गाचं पुस्तक तयार होतं. त्यातल्या प्रत्येक पानावरचं माणूस वर्गातच बसलेलं असतं, त्यामुळे वाचलेलं खरं आहे की नाही हे मूल उठून त्यालाच विचारू शकतं. बुजऱ्या मुलांसाठी या कामाचा उपयोग मोठा आहे. आठ दिवस तोंड न उघडणारी मुलगी ‘आजची सोबती’ झाली आणि तिनं नुसतं मान हलवून सांगितलं, की ती विहिरीत पोहते, तर दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती मुलं जमतात. वाक्य भिंतीवर असतं. ज्यांनी ऐकलं नव्हतं तीही वाचून येतात.

मुलाच्या आतल्या शब्दापासून वाचन सुरू करण्याचा विचार न्यूझीलंडच्या सिल्विया ॲश्टन-वॉर्नर यांनी मोठ्या ताकदीनं मांडला. माओरी मुलांना शिकवताना त्यांच्या लक्षात आलं, की इंग्रजी वाचनपाठांतली नीटनेटकी घरं आणि आज्ञाधारक मुलं या मुलांच्या जगात कुठेच नाहीत. त्या रोज प्रत्येक मुलाला विचारत, तुला कोणता शब्द हवा? तो शब्द जाड कार्डावर लिहून त्याला देत. दुसऱ्या दिवशी सगळी कार्डं एकत्र मिसळलेली असत, ज्यानं त्यानं आपली शोधायची. जे कार्ड ओळखता आलं नाही ते काढून टाकायचं, कारण तो शब्द मुलाच्या आतला नव्हता. आणि मग मुलं जोडीनं बसून आपापले शब्द एकमेकांना शिकवत. १९६३ साली आलेल्या ‘टीचर’ या त्यांच्या पुस्तकात हे सगळं आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा त्यांनीही हेच ताडलं होतं. महागडी माँटेसरी साधनं बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं हाती घेतली; मुलं शाळेत येत नाहीत तर पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरवली आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात कुरणशाळा. मुलाजवळ जे आहे तिथून निघायचं, ही ती दृष्टी. नाव तर प्रत्येकाजवळ असतंच.

शिकागो विद्यापीठाच्या लॅबोरेटरी स्कूलमध्ये बालवर्गाला शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली यांनी ओळखीचा धागा आणखी पुढे नेला. मूल गोष्ट सांगे, त्या शब्द न बदलता लिहून घेत, आणि ती गोष्ट त्याच दिवशी वर्गातली मुलं करून दाखवत. दोन ओळींची गोष्टही चाले. सांगणाऱ्याला आपली गोष्ट मित्रांच्या अंगात शिरलेली दिसे आणि बोललेलं लिहिलं जातं, लिहिलेलं पुन्हा जिवंत करता येतं, हे सगळ्यांना कळे. पहिलीच्या मराठी वर्गात याला काहीच अडचण नाही. आठवड्यातून एक दिवस, गोलात बसून, एवढं पुरे.

नावांच्या बाबतीत काही गोष्टी आपल्या समाजाच्याच आहेत, त्या कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाहीत. पहिली गोष्ट घरच्या नावाची. घरी ‘दादू’ आणि ‘छकुली’ असलेल्या मुलांना दाखल्यावरचं नाव कधीकधी ठाऊकच नसतं. बाई ‘सार्थक’ म्हणून पुकारतात, सार्थक समोर बसलेला असतो आणि गैरहजर लागतो. पहिले काही दिवस पट्टीच्या एका बाजूला घरचं नाव आणि दुसऱ्या बाजूला शाळेचं नाव लिहावं. मुलानं परवानगी दिली तरच घरचं नाव वर्गात वापरावं. दाखल्यावरच्या चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाची पट्टीवर नक्कल करू नये. आई-वडिलांना विचारून नाव बरोबर लिहावं.

दुसरी गोष्ट आडनावाची. पट्टीवर आडनाव लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे आडनावावरून जात शोधली जाते आणि ही सवय मुलांना मोठ्यांकडूनच लागते. पहिलीच्या भिंतीवर तिला जागा देऊ नये. वर्गात दोन आर्या असतील तर? आईच्या नावाचं पहिलं अक्षर जोडावं: आर्या सु. आणि आर्या मी. राज्य सरकारनं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशा क्रमानं नोंद होईल. ही मुलं २०३० साली पहिलीत येतील. तोवर थांबायचं काही कारण नाही. पहिल्या नावातून धर्म कळतो तो कळू द्यावा. रेहान, सम्यक, जोसेफ, ज्ञानेश्वरी ही चारही नावं सारख्याच काळजीनं आणि अचूक उच्चारून वाचायला शिकणं हाही वाचनाचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट स्थलांतराची. मराठवाड्यातल्या आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कुटुंबं निघतात, सोबत पहिलीतलं पोरही जातं आणि थेट उन्हाळ्यात परततं. त्याची पट्टी काढून टाकू नये. ‘घरी’ आणि ‘शाळेत’ यांच्याशेजारी ‘गावाला’ असा तिसरा कप्पा करावा, आणि त्यातली नावंही रोज वाचली जावीत. कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत ते मूल मधेच दाखल झालं, तर त्या शाळेनं पहिल्याच दिवशी त्याची पट्टी करावी.

दोनशिक्षकी शाळेत पहिलीला कधीकधी सहाच मुलं असतात. तिथे चौथीपर्यंतची नावं, खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं नाव, शाळेत येऊन बसणाऱ्या कुत्र्याचंही नाव पट्टीवर यावं. शहरातल्या पन्नास मुलांच्या वर्गात सहा-सात जणांचे गट करून दर आठवड्याला एका गटाच्या पट्ट्या मध्यभागी आणाव्यात. अंगणवाडीतल्या चार वर्षांच्या मुलांना पट्टी ओळखण्याइतकंच काम द्यावं, नाव गिरवायला बसवू नये. बोटांत अजून तेवढं बळ आलेलं नसतं. परदेशात रविवारी भरणाऱ्या मराठी शाळांतल्या मुलांना आपलं नाव रोमन लिपीत आधीच येत असतं. तिथे दोन्ही लिपींतल्या पट्ट्या जोडीनं लावाव्यात आणि इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणीचंही नाव देवनागरीत लिहायला सांगावं. मैत्रिणीचं ‘एमिली’ हे नाव लिहायला ‘ए’, ‘मि’, ‘ली’ लागतात, हे ती मुलगी मग तिला दाखवते.

पुढच्या जूनमध्ये ही मुलं दुसरीत जातात तेव्हा नव्या पहिलीच्या पट्ट्या त्यांनाच करायला द्याव्यात. एका नवागताला दोन मुलं. त्यांनी त्याला नाव विचारायचं, घरी काय म्हणतात ते विचारायचं, सावकाश उच्चारून आवाज सुटे करायचे, आधी पाटीवर लिहून बाईंकडून वेलांटी तपासून घ्यायची, आणि मग पुठ्ठ्यावर उतरवून पट्टी त्याच्या हातात द्यायची.